माळ रिकामा नसतो!

लायगो, सौर प्रकल्प, महामार्ग... हिंगोलीच्या माळावर एकामागून एक कामं येऊ घातली आहेत. जिल्ह्याला कामं हवीतच. पण 'तिथं आहेच काय?' असं म्हणून ज्या जमिनीवर बोट ठेवलं जातं, तिथं फुलपाखरांचं अख्खं गाव नांदत असतं. दोघांनाही जागा देता येईल का?

औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा परिसरात जगातल्या सर्वांत संवेदनशील यंत्रांपैकी एक यंत्र उभं राहणार आहे. लायगो-इंडिया. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, एकमेकींना काटकोनात. अवकाशात कुठंतरी खूप दूर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की गुरुत्वीय लहर निघते. ती इथले आरसे किती हलवणार? प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतके! एवढं बारीक मोजायचं तर आजूबाजूची जमीन शांत हवी. रेल्वे नको, मोठे कारखाने नकोत, गर्दी नको. म्हणून देशभरातल्या जागा बघून झाल्यावर पसंती मिळाली ती आपल्या हिंगोलीला. केंद्रीय मंत्रिमंडळानं ६ एप्रिल २०२३ रोजी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली.

१९९९ मध्ये परभणीपासून वेगळा झालेला आपला जिल्हा. मोठा उद्योग नाही, बारावी झाली की निम्मी बॅच ट्रॅव्हल्स पकडून पुण्याला किंवा संभाजीनगरला. अशा ठिकाणी लायगो येतंय याचा अभिमान वाटतोच, आणि वाटायलाच हवा.

आता त्याच मराठवाड्याच्या माळावरची दुसरी गोष्ट. ग्रास ज्युएल नावाचं एक फुलपाखरू आहे. भारतातल्या सर्वांत छोट्या फुलपाखरांपैकी एक. पंख पूर्ण पसरले तरी जेमतेम दोन सेंटिमीटर. गवताच्या काडीवर बसलं तर शेजारून जाणाऱ्यालाही दिसत नाही. मागच्या पंखांच्या कडेला नारिंगी पट्टी आणि त्यात चमचमणारे ठिपके, म्हणून त्याचं नाव दागिन्यावरून पडलं. जमिनीला चिकटून, थोडं थोडं अंतर उडत हे फुलपाखरू आपलं आयुष्य काढतं. त्याच्यासाठी माळ म्हणजे सगळं जग.

लायगोसाठी जमिनीची प्रत्येक थरथर मोजली गेली. माळावर काम सुरू करण्याआधी ग्रास ज्युएल मोजायचं मात्र कुणाला सुचत नाही. कारण आपल्या कागदांमध्ये त्याला रकानाच नाही.

कागदावरचा 'पडीक'

सातबारा काढून बघा. लागवडीला न येणाऱ्या जमिनीला त्यात शब्द आहे 'पोटखराब'. सरकारी भाषेत दुसरा शब्द 'पडीक'. केंद्राचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र मिळून देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतात. त्यात झुडपी, मुरमाड, गवताळ जमिनी सरसकट 'वेस्टलँड' म्हणून येतात. एकदा वेस्ट म्हटलं की पुढचं सोपं होतं. वाया चाललेली जमीन कामाला लावली, यात कुणाचं काय बिघडलं?

अभ्यासक एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी उपग्रहाच्या मदतीनं देशातल्या अशा मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा तयार केला. माळरानं, झुडपी रानं, वाळवंटं, घळी असं सगळं धरून या जमिनी देशाच्या क्षेत्रफळाच्या साधारण १० टक्के भरतात. त्यातला संरक्षित क्षेत्रात येणारा भाग ५ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे जंगलाला वाली आहे, माळाला नाही.

'पूर्वी इथं घनदाट जंगल होतं, ते तुटलं आणि माळ झाला' हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. काही ठिकाणी ते खरंही असेल. पण आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन संशोधकांनी एक भारी काम केलं. त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातलं जुनं मराठी साहित्य, ओव्या, देवांच्या कथा चाळल्या आणि त्यात कोणत्या झाडाझुडपांचे उल्लेख येतात ते मोजलं. हे उल्लेख थेट तेराव्या शतकापासूनचे आहेत. एकूण ४४ रानवनस्पती सापडल्या आणि त्यातल्या जवळपास दोन-तृतीयांश माळरानाच्या निघाल्या. जंगलाच्या अगदी मोजक्या. २०२५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सातशे वर्षांपूर्वीही तिथं माळच होता, असा त्याचा अर्थ. म्हणजे माळ ही बिघडलेली जागा नाही. ती मुळातच तशी आहे.

मराठी साहित्य घेऊन डिग्री करणाऱ्यांनो, तुमच्या पुस्तकांमध्ये पर्यावरणाचा डेटा आहे, बघा!

वेश रुईचा, जेवण घोळीचं

माळावरचं फुलपाखरू म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला एकच उदाहरण पुरेसं आहे. डनाइड एगफ्लाय.

याचा नर काळाभोर. पंखांवर मोठे पांढरे ठिपके, ठिपक्यांच्या कडेला जांभळी झाक. मादी मात्र एकदम वेगळी. नारिंगी, काळ्या टोकांची. ती हुबेहूब दुसऱ्याच एका फुलपाखरासारखी दिसते. त्याचं नाव प्लेन टायगर.

ही नक्कल फुकटची नाही. प्लेन टायगरची अळी रुईची पानं खाते. शनिवारी मारुतीला वाहतो तीच रुई, जिच्या पांढऱ्या म्हाताऱ्या लहानपणी फुंकर मारून आपण उडवल्या. रुईच्या चिकात विष असतं. अळी ते पचवून अंगात साठवते आणि पुढे फुलपाखरू झाल्यावरही ते तिच्यात राहतं. पक्ष्यानं एकदा प्लेन टायगर खाल्लं की त्याला अद्दल घडते. पुन्हा तो नारिंगी-काळ्या रंगाच्या वाटेला जात नाही. एगफ्लायच्या मादीच्या अंगात असलं काही विष नसतं. ती फक्त तो वेश घालते आणि वाचते.

पण ही युक्ती चालायला एक अट आहे. माळावर खरी प्लेन टायगर भरपूर हवीत. खऱ्यांपेक्षा खोटी जास्त झाली तर पक्ष्यांच्या ते लक्षात येणारच. म्हणजे रुई हवी. आणि एगफ्लायची अळी खाते काय? मुख्यतः घोळ. हो, आज्जी जिची पातळ भाजी करते तीच घोळ. पावसाळ्यात माळावर, बांधावर, वाटेच्या कडेला जमिनीवर पसरलेली लालसर देठांची गुबगुबीत घोळ.

आता गंमत बघा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या फुलपाखराचं नाव अनेक वर्षं होतं. तीच अनुसूची, जिच्यात वाघ आहे. (२०२२ च्या दुरुस्तीत सगळ्याच अनुसूचींची फेरमांडणी झाली.) म्हणजे हे फुलपाखरू जाळीत पकडून डब्यात भरलं तर गुन्हा. पण ते ज्या घोळीवर अंडी घालतं, ती घोळ गायरानावरून जेसीबीनं साफ केली तर? कुणी विचारत नाही. कायद्यानं फुलपाखराला जपलं, पण त्याचं ताट वाढायचं राहून गेलं.

हे फक्त एगफ्लायचं नाही. पिवळसर पांढरं मॉटल्ड एमिग्रंट तरवड-तरोट्यावर वाढतं. बाभळीवर बबूल ब्लू वाढतं. इव्हनिंग ब्राऊनची अळी गवतच खाते. यलो पॅन्सी आणि ब्लू पॅन्सी उघड्या, तापलेल्या जमिनीवर पंख पसरून बसतात. यातल्या कुणालाच दाट सावलीचं जंगल नको आहे. ऊन, गवत आणि आपण ज्याला 'तण' म्हणून उपटून टाकतो ती रोपं, एवढीच यांची मागणी.

झाडं लावली म्हणजे झालं?

इथं आपल्या सगळ्यांच्या लाडक्या कार्यक्रमाबद्दल बोलावं लागेल. एनएसएसचं वृक्षारोपण. जुलैचा महिना, टोप्या, बॅनर, ग्रुप फोटो. राज्य सरकारच्या वृक्षलागवड मोहिमेत २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांचं लक्ष्य होतं. एवढी झाडं लावायची कुठं? शेतात शेतकरी लावू देणार नाही. गावात जागा नाही. मग उरतो माळ. 'तिथं नुसतं गवतच तर आहे.'

माळावर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ दाट लावली की पाच-सात वर्षांत सावली पडते. सावलीत मारवेल, पवन्या टिकत नाही. गवत गेलं की त्यात वाढणारी बारीक फुलझाडं जातात, आणि ती गेली की फुलपाखरं. खड्डे खणताना माती उकरली जाते, तिथं गाजरगवत आधी पोहोचतं.

गावात, शाळेत, रस्त्याकडेला, उजाड झालेल्या जुन्या जंगलात जरूर झाडं लावा. जिथं आधीपासून गवताचं रान आहे, तिथं झाड लावणं म्हणजे एका परिसंस्थेवर दुसरी लादणं. या वर्षीच्या कॅम्पला जागा ठरवताना एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ होईल.

कुंपण घातलं आणि फुलपाखरू गेलं

'मग माळाला कुंपण घालून टाकू, गुरं बंद, माणसं बंद. फुलपाखरं वाचतील!' असं वाटणं साहजिक आहे. हा प्रयोग इंग्लंडमध्ये झाला आणि चांगलाच अंगाशी आला.

लार्ज ब्लू हे तिथलं माळावरचं निळं फुलपाखरू. ते कमी व्हायला लागल्यावर त्याच्या जागा राखीव केल्या, कुंपणं घातली, चराई थांबवली. तरी ते कमीच होत गेलं. जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं माळावर बसून कारण शोधलं. लार्ज ब्लूची अळी थोडे दिवस रानओव्याच्या जातीच्या झुडपावर काढते. मग खाली पडते आणि एका विशिष्ट जातीची लाल मुंगी तिला आपलंच पिल्लू समजून वारुळात नेते. तिथं ती मुंग्यांचीच पिल्लं खाऊन वाढते. त्या मुंगीला लागते उन्हानं तापलेली जमीन, म्हणजे आखूड गवत. चराई बंद झाली, सशांमध्ये रोगाची साथ आली, गवत वाढलं. जमिनीवर सावली पडली आणि मुंगी गेली. मुंगीपाठोपाठ फुलपाखरू. १९७९ मध्ये लार्ज ब्लू इंग्लंडमधून संपलं.

कारण कळेपर्यंत उशीर झाला होता. पण १९८३ पासून स्वीडनमधून अळ्या आणून, माळावर पुन्हा गुरं सोडून, गवत आखूड ठेवून ते परत आणलं गेलं. आज ते तिथं पुन्हा उडतंय. त्याला परत आणण्यात गुराख्याचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेतही असंच घडलं, पण विकासाच्या बाजूनं. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रुनो डोंगरावर बिल्डरला घरं बांधायची होती आणि तिथं मिशन ब्लू हे संकटग्रस्त फुलपाखरू होतं. भांडत बसण्याऐवजी तडजोड झाली. डोंगराच्या काही भागावर घरं, बहुतेक भाग फुलपाखरांना कायमचा मोकळा, आणि त्याच्या देखभालीसाठी तिथल्या घरमालकांकडून दरवर्षी थोडी रक्कम. १९८२ मध्ये अमेरिकेनं आपल्या कायद्यातच अशा आराखड्यांची तरतूद केली. या पद्धतीचा हा पहिला आराखडा. कल्पना झकास! पण पुढे लक्षात आलं की जमीन वाचली तरी गवत कमी होतंय. चराई आणि अधूनमधून लागणारी आग थांबल्यामुळे झुडपं माळ गिळत चालली. कागदावर राखलेला तुकडा जमिनीवरही राखावा लागतो, हे तिथं उशिरा कळलं.

धनगरांच्या मेंढ्या आपल्या माळावरून शतकानुशतकं फिरतात. एका जागी चार दिवस, मग पुढं. गवताला सावरायला वेळ मिळतो, लेंड्यांचं खत पडतं. चराई बेसुमार झाली तर माळ उघडा पडतो, हेही खरं. म्हणून प्रश्न चराई हवी की नको असा नाही. कुठं, कधी, किती, हे ठरवायचं कुणी?

त्याचं उत्तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. वाशिम-अकोला भागात 'संवेदना' ही संस्था फासेपारधी समाजासोबत काम करते. इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेला आणि शिकारीवर जगणारा हा समाज. कोणत्या गवतात कोणता पक्षी अंडी घालतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तेच ज्ञान आता तणमोर आणि त्याचा माळ राखायला वापरलं जातंय. गवत कधी कापायचं, गुरं कधी सोडायची, याचे नियम गावानं ठरवायचे. तणमोरासाठी राखलेल्या गवतात फुलपाखरं आपोआप राहतात.

नान्नजचा धडा

संवर्धन म्हटलं की गावकऱ्यांच्या कपाळावर आठ्या का पडतात, याचंही कारण आहे. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतल्या माळढोकसाठी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र? ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात गावं आली, शहरं आली, बागायती शेती आली. स्वतःची जमीन विकताना, घर बांधताना, विहीर खोदताना लोकांना अडचणी. पक्ष्याबद्दल राग साठत गेला. शेवटी अनेक वर्षांच्या खटपटीनंतर हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर माळढोक जवळजवळ गेलाच होता. आज महाराष्ट्रात तो दिसणं म्हणजे बातमी.

मोठी रेघ ओढली म्हणजे मोठं संरक्षण झालं, असं होत नाही. आणि इथंच फुलपाखरांची बाजू भक्कम आहे. त्यांना हजारो चौरस किलोमीटर लागत नाहीत. नाल्याच्या कडेचा पट्टा, गायरानाचा एक कोपरा, रुंद बांध, टेकडीचा उतार, असे छोटे तुकडे एकमेकांपासून फार दूर नसले तरी अनेक जातींचं भागतं. आंबोलीत २०२१ मध्ये एका छोट्या माशासाठी जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झालं. जागा किती, तर अवघी २.११ हेक्टर. आपल्याकडच्या एखाद्या गायरानाचा कोपराही त्याहून मोठा असेल.

पॅनेलखाली काय उगवतं?

सध्या गावागावांत चर्चा आहे ती सौर प्रकल्पांची. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० सुरू आहे. उपकेंद्राजवळची सरकारी जमीन त्यासाठी घेतली जाते, आणि सरकारी जमीन म्हणजे बऱ्याचदा गायरान. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर. रात्री दोनला मोटार चालू करायला गेलेल्या आणि पायाखाली साप आलेल्या शेतकऱ्याला विचारा, दिवसा वीज म्हणजे काय. त्यामुळे सौर नको असं म्हणण्यात अर्थ नाही.

पण सौर प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेखाली मंजुरी लागत नाही. म्हणजे 'इथं आधी काय होतं?' हा प्रश्न विचारायची सक्तीच नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यानं २०१६ मध्ये सौर प्रकल्पांसाठी एक मापदंड आणला. पॅनेलच्या खाली आणि मध्ये खडी किंवा नुसती हिरवळ न ठेवता देशी गवत आणि फुलझाडं वाढवायची. तिथल्या दोन प्रकल्पांवर अरगॉन नॅशनल लॅबोरेटरीच्या शास्त्रज्ञांनी २०१८ ते २०२२ अशी पाच वर्षं कीटक मोजले. एकूण संख्या तिप्पट झाली होती.

यातला एक बारकावा मात्र सोडायचा नाही. ते प्रकल्प आधीच्या शेतजमिनीवर होते. नांगरून दमलेल्या जमिनीवर गवत आलं, म्हणून कीटक वाढले. जिवंत माळ खरवडून त्यावर पॅनेल टाकले आणि नंतर चार फुलझाडं लावली, तर हिशेब उलटा होतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी खराब झालेली जमीन बघा. माळच घ्यावा लागला तर सगळा सपाट करू नका. खांबांपुरतं खोदा, वरची माती बाजूला जपून ठेवा, तणनाशक मारण्याऐवजी मेंढ्या सोडा, आणि गायरानाचा काही भाग गावाच्या गुरांना आणि गवताला ठेवा. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे फारसे लागत नाहीत, आराखडा काढताना आठवण लागते.

तेच रस्त्यांचं. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या मूळ आराखड्यात १२ जिल्हे आहेत आणि हिंगोली त्यातला एक. सुपीक जमीन जाणार म्हणून शेतकऱ्यांचा त्याला विरोध आहे आणि तो वाद वेगळा, मोठा आहे. पण कोणताही रस्ता होताना एक सोपा पर्याय पुढं येतो, 'शेत नको तर माळावरून न्या.' त्या क्षणी माळाच्या बाजूनं बोलायला कुणीतरी बैठकीत हवं.

लायगो आणि शांतता

आणि लायगो? इथं मला खरं तर आशा वाटते. अमेरिकेतल्या लिव्हिंगस्टनच्या लायगोला शेजारच्या जंगलतोडीचा आणि आगगाडीचा त्रास होतो. वॉशिंग्टन राज्यातली हॅनफर्डची वेधशाळा झुडपी माळावर आहे. तिथं वाऱ्यानं गडगडत येणारी काटेरी झुडपं भुजांच्या कडेला एवढी साचतात की कर्मचाऱ्यांना यंत्रानं त्यांचे गठ्ठे बांधून हटवावी लागतात. आजूबाजूचा तो माळ टिकला कशामुळे? दुसऱ्या महायुद्धात तिथं अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम बनवायचा प्रकल्प आला आणि मोठा परिसर लोकांना बंद झाला. हेतू कोणताही असो, तिथं नांगर फिरला नाही.

लायगोला शांत जमीन हवी. स्फोटाच्या खाणी, अवजड वाहतूक, गजबज त्याच्या शेजारी परवडत नाही. फुलपाखरांनाही हेच हवं आहे. विज्ञान आणि माळ यांचं हित एकाच जागी जुळावं, असे योग फार येत नाहीत. भुजांच्या कडेचे पट्टे शोभेच्या बागेऐवजी मारवेल-पवन्याचे राहिले, परिसरातलं गवत वर्षाआड आलटून पालटून कापलं गेलं, कुठं रुई-तरवड ठेवली, तर कृष्णविवरांचा आवाज ऐकणाऱ्या यंत्राच्या अंगणात ग्रास ज्युएलही उडेल. शाळेच्या सहली लायगो बघायला येतीलच. त्यांना दोन्ही दाखवता येईल.

गावच्या कपाटातली वही

हे सगळं मागायचं कोणत्या आधारावर? त्यासाठी कायदा आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. तिनं गावातल्या झाडा-प्राण्यांची 'लोक जैवविविधता नोंदवही' ठेवायची असते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, नाहीतर दंड. तेव्हा देशभर नोंदवह्या भराभर तयार झाल्या आणि बऱ्याच घाईत भरल्याची टीकाही झाली.

तुमच्या ग्रामपंचायतीत जा आणि ती वही बघायला मागा. गायरानाचं पान आहे का बघा. गवतांची नावं आहेत का? एक तरी फुलपाखरू आहे का? नसेल तर समितीकडे नोंद द्या. वही एकदा लिहून बंद करायची नसते, त्यात भर घालायची असते. उद्या गायरानावर प्रकल्प आला आणि ग्रामसभेत कुणी म्हणालं, 'तिथं आहेच काय?', तर उत्तर वहीत असेल. तारखेसह.

सरकारकडे आपल्या प्रत्येक तालुक्यात फुलपाखरं मोजायला माणसं नाहीत. पण हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा अशा पाचही तालुक्यांत कॉलेजला जाणारी पोरं-पोरी आहेत, खिशात कॅमेरा असलेला मोबाइल आहे आणि गावाकडे जाताना वाटेत माळ लागतो. जिल्ह्यात विश्वाची लहर मोजणारं यंत्र येतंय. ते सुरू होण्याआधी आपल्याला आपली फुलपाखरं मोजून ठेवता येतील.

फुलपाखरं मोजायची कशी?

• माळावरची एक वाट ठरवा. साधारण अर्धा किलोमीटर पुरे. दर वेळी तीच वाट.

• सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, ऊन असताना जा. पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर नको. सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत भारी. 'बिग बटरफ्लाय मंथ' देशभर सप्टेंबरमध्येच असतो.

• सावकाश, एकाच वेगानं चाला. दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि समोर पाच मीटर, एवढ्यातलीच फुलपाखरं मोजा. मागं वळून मोजायचं नाही. ब्रिटनमध्ये १९७६ पासून याच पद्धतीनं मोजणी चालू आहे.

• पकडू नका. फोटो काढा, पंखांची वरची आणि खालची बाजू दोन्ही.

• नाव येत नसेल तर 'बटरफ्लाईज ऑफ इंडिया' या संकेतस्थळावर जुळवून बघा. 'आयनॅचरलिस्ट' अॅपवर फोटो टाकला की जाणकार ओळखायला मदत करतात.

• कोणत्या झाडावर बसलं, अंडी घालत होतं का, तेही लिहा. झाडाचं नाव गावातल्या मोठ्या माणसांना विचारा. त्यांना ते नक्की ठाऊक असतं.

• महिन्यातून दोनदा केलं तरी चालेल, पण वर्षभर करा. एक दिवसाचा फोटो स्टेटसला जातो. वर्षभराची नोंद ग्रामसभेत पुरावा म्हणून ठेवता येते.